ओट्यावरचा चहा

दौलतरावांनी उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि ही गोष्ट आपण होऊन सांगायला ते कधी विसरत नसत. कुरुळीतली त्यांची जमीन कंपन्यांसाठी गेली, त्या पैशातून त्यांनी घरामागं चोवीस खोल्यांच्या दोन ओळी बांधल्या. तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून ते खोली मागायला येणाऱ्यांची वाट बघत बसत. चाकणच्या कारखान्यांत रोज नवी माणसं भरती व्हायची, त्यामुळे वाट फार बघावी लागत नसे.

आलेल्याला ते तीन प्रश्न विचारत. गाव कुठलं? आडनाव काय? आणि पाव्हणं कुणाकडचं? पहिल्या दोन प्रश्नांतून माणूस निसटू शकतो, कारण एकच आडनाव चार जातींत सापडतं. तिसऱ्यातून निसटत नाही. सोयरीक कुठल्या घरांशी आहे हे कळलं की जात कळते, आणि जात कळली की दौलतरावांचं ठरत असे. पसंत पडला तर ते लगेच उठून किल्ली आणत. नापसंत पडला तर आत हाक मारत, "अवं, चहा टाका पाव्हण्यांना!" मग चहा व्हायचा, गावाकडच्या पीकपाण्याची चौकशी व्हायची, आणि शेवटी अगदी हळहळून ते म्हणायचे, "खोली भरली वो. कालच एकानं टोकन दिलं. जरा आधी याया पायजे व्हतं तुमी." माणूस आभार मानून निघून जायचा. आपल्या दारातून कुणी कोरड्या तोंडानं गेलं नाही याचं दौलतरावांना समाधान वाटायचं, आणि ते समाधान खरोखरचं होतं. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आता असा माणूस भाडेकरूंच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचा पाठीराखा कसा झाला? तर नानासाहेबांमुळे झाला.

नानासाहेब हे गावातले दुसरे खोल्यावाले. आदल्या वर्षी त्यांनी शाळेला पाण्याची टाकी दिली, म्हणून शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला आणि चौकात त्यांचा फ्लेक्स महिनाभर लटकत राहिला. दौलतराव रोज त्या फ्लेक्सखालून जात आणि रोज त्यांना एक घास कमी जाई. अशात चिंचवडच्या एका लॉ कॉलेजातल्या सुखदा मॅडम ग्रामपंचायतीच्या बैठकीत आल्या. त्यांच्या कॉलेजनं एक फेलोशिप काढली होती. विद्यार्थ्यानं सहा महिने कारखान्यांच्या गावात राहायचं, भाडेकरूंचे करार, पोलिसांचे फॉर्म, विजेचे मीटर यांत त्यांना मदत करायची, आणि कुणाला जात, धर्म किंवा जिल्हा बघून खोली नाकारली जाते का, ते नोंदवायचं. फेलोशिपच्या पैशात जेवण आणि बसभाडं निघत होतं, राहण्याची जागा निघत नव्हती. कुणी एक खोली दिली तर त्याचे जाहीर आभार मानू, असं मॅडम म्हणाल्या. त्या बराच वेळ समजावून सांगत होत्या, पण दौलतरावांनी 'विद्यार्थिनी' आणि 'जाहीर आभार' एवढंच ऐकलं आणि हात वर केला.

"सात नंबरची खोली आपली. सा म्हैने. एक रुपाया घेनार न्हाई."

आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला. 'विद्यार्थी फेलोशिपचे आधारस्तंभ, शिक्षणप्रेमी दौलतराव.' नानासाहेबांच्या फ्लेक्सपेक्षा तो दोन फूट रुंद होता. खाली बारीक अक्षरांत मुलीचं नाव होतं, विजयश्री ज्ञानेश. नाव वडिलांपाशीच थांबलं होतं, पुढं आडनाव नव्हतं. भाडं नाही म्हणून करार नाही, आणि करार नाही म्हणून ते आडनाव दौलतरावांच्या नजरेखालून गेलंच नाही. मॅडमनी कॉलेजच्या पत्रासह पाठवलेल्या मुलीला ओट्यावर बसवून तीन प्रश्न विचारणं त्यांना बरं दिसेना. वकिलीच्या कॉलेजातली पोरगी म्हणजे चांगल्या घरातलीच असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

विजयश्री एक बॅग आणि एक घडीचं टेबल घेऊन आली. संध्याकाळी पहिल्या शिफ्टची माणसं परतली की ती टेबल खोलीच्या दारात मांडायची आणि दोन्ही ओळींतली बिऱ्हाडं कागद घेऊन तिच्याभोवती जमायची. कुणाला बँकेत पत्त्याचा पुरावा हवा असायचा, कुणाचं डिपॉझिट जुन्या मालकानं अडकवलेलं असायचं. नानासाहेबांचे भाडेकरूसुद्धा यायला लागले, तेव्हा तर दौलतरावांना आभाळ ठेंगणं झालं. "आमची फेलो," असं ते तिच्याबद्दल चारचौघांत सांगत. दौलतरावांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं, आणि तिचं तर इतकं जमलं की रोज दुपारी एकीच्या घरची भाजी दुसरीकडे जायची. विजयश्रीच्या हातचं भरलं वांगं दौलतराव मागून घेत.

तीन महिने असे गेले. मग एका मंगळवारी सकाळी विजयश्री ओट्यावर आली आणि खाली पायरीवर बसली.

"काका, गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये माझा तीन महिन्यांचा अहवाल वाचायचाय. त्यात तुम्ही आहात."

"असनारच की!" दौलतराव खुलले. "आधारस्तंभ हाय म्हनल्यावर."

"तसं नाही, काका. मी शंभरावर कामगारांना विचारलं, खोली शोधताना काय झालं. कुरुळीत कितीतरी जणांना 'खोली भरलीय' म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात तीच खोली दुसऱ्याला मिळाली. त्यातल्या एका घराबद्दल सगळ्यांनी एकच सांगितलं. दौलतरावांकडं चहा मिळाला की समजायचं, खोली गेली."

दौलतरावांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"कोन म्हनतं आसं?"

"सगळेच म्हणतात. नवीन माणूस आला की जुने त्याला आधीच सांगून ठेवतात."

"आन् त्ये तू गुरुवारी वाचनार? माझ्या खोलीत ऱ्हाऊन?"

"नाव वाचणार नाही. कुणाचंच वाचत नाही, तसा नियम आहे. पण चहाचं वाचणार."

"चहाचं काढून टाक."

"ते काढलं तर बाकीचं कुणी खरं मानणार नाही, काका. तेच तर सगळ्यांना पाठ आहे." तिचा आवाज शांत होता, पण हात ओढणीच्या टोकाशी चाळा करत होते. "तुम्हाला अंधारात ठेवून वाचणं मला पटेना, म्हणून आधी सांगायला आले. तुम्ही म्हणाल तर मी खोली सोडते."

दौलतराव खुर्चीवरून उठले. ते आत गेले आणि त्यांनी थेट सुखदा मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. खोली तुमची आहे, तुम्ही ती परत घेऊ शकता, विजयश्री चिंचवडहून ये-जा करून काम पुरं करेल, आणि अहवाल बदलणार नाही, असं त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं की दौलतरावांना भांडायलासुद्धा जागा मिळाली नाही. फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कौशल्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"ही पोरगी कुनाची हाय गं?"

"कुनाची म्हंजी?"

"म्हंजी कुनातली?"

"मला म्हाईत हाय," कौशल्याबाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. "पयल्याच आठवड्यात कळलं."

"मंग सांग की."

"न्हाई सांगत. तीन म्हैने तिच्या हातचं वांगं मागून खाताय, पोट दुखलं का कदी?"

"पर म्या काय वंगाळ केलं? कुनाला तोडून बोल्लो? चहा पाजला त्ये चुकलं?"

कौशल्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "चहा तुमी न्हाई, म्या केला. इतकी वर्सं. तुमी भायेरून आवाज दिला की मला कळायचं, गेलं बिचारं. त्याच्या चहात साखर जरा जास्त घालायची म्या."

आपली ही युक्ती आपल्यापुरतीच आहे, असं दौलतराव इतकी वर्षं धरून चालले होते, आणि ती घरातच उघडी होती. त्यांना राग आला, पण तो नक्की कुणावर काढावा हे कळेना. त्यांनी मुलीला काढलं नाही. यात मनाचा मोठेपणा नव्हता. चौकात फ्लेक्स होता, दोन दिवसांवर कार्यक्रम होता, आणि ती का गेली म्हणून गावानं विचारलं असतं.

गुरुवार कंपन्यांच्या सुट्टीचा, त्यामुळे सकाळी दहालाच हॉल भरला. खाली सतरंज्यांवर भाडेकरू बायकापोरांसह बसले होते, मागं भिंतीला टेकून गावकरी उभे होते. दौलतरावांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. नानासाहेब शेजारच्याच खुर्चीवर होते. मग विजयश्रीनं अहवाल वाचायला घेतला. किती करार नोंदवून झाले, किती जणांचं डिपॉझिट परत मिळालं, ते तिनं सांगितलं. पुढं खोली नाकारण्याच्या तऱ्हा आल्या. काही मालक फाटकावरूनच परत पाठवतात. काही आडनाव ऐकून भाडं दुप्पट सांगतात.

"आणि एका घरी," तिनं वाचलं, "खोली द्यायची नसली की आधी चहा देतात."

सतरंजीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारचा हसला. बघता बघता हसू मागच्या भिंतीपर्यंत गेलं, आणि ज्यांना हे ठाऊक नसावं असं दौलतराव समजत होते ते भावकीतले लोकसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. नानासाहेबांनी तर मांडीवर थाप मारली. "लई ग्वाड आस्तुया म्हनं त्यो चहा!" वेळ मारून न्यायला दौलतरावही हसले. न हसून कसं चालणार? हसता हसता त्यांची नजर तिसऱ्या रांगेत गेली. तिथं एक तरुण बसला होता. तो हसत नव्हता आणि दौलतरावांकडे बघतही नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत होता.

दौलतरावांनी त्याला ओळखलं. भीमराज. हिंगोलीकडचा, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर होता. दोन महिन्यांपूर्वी तो ओट्यावर अर्धा तास बसला होता. बायको बाळंतपणाहून यायचीय, पोर चार महिन्यांचं आहे, असं त्यानं आपण होऊन सांगितलं होतं. खोली भरली म्हटल्यावर त्यानं चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला होता, दोनदा तपासून, आणि म्हणाला होता, "रिकामी झाली तर तेवढं कळवा, काका." ती चिठ्ठी कुठं गेली हे दौलतरावांना आठवेना. तो उठून गेल्यावर तासाभरात त्यांनी ती खोली जुन्नरच्या दोन भावांना दिली होती, एवढं मात्र आठवलं.

त्यांना लाज वाटली. गाव हसत होतं त्याची नव्हे. गावाचं हसू दोन दिवसांत विरतं. ज्याला आपण गोड बोलून वाटेला लावलं, तो माणूस पूर्ण विश्वासानं नंबर तपासत बसला होता, या गोष्टीची लाज वाटली. खांद्यावरची शाल त्यांना टोचायला लागली.

कार्यक्रम संपला तसे ते चहापानाला थांबले नाहीत. भीमराज बाहेर मोटारसायकलला किल्ली लावत होता. विजयश्री त्याच्याशी बोलत होती.

"भीमराज," दौलतराव म्हणाले, "पंधरा नंबरची खोली रिकामी हाय. तुमी घ्या."

भीमराजनं गाडीची किल्ली काढून मुठीत धरली. "नको, काका."

"अजून राग हाय? आसनारच."

"राग नाही. राग धरून आमचं भागत नाही. बायकोला मी सांगितलंय, रूम भरली होती म्हणून. आता रिकामी झाली म्हणलं की ती इचारल, कशी झाली, तिथं कोण होतं, कधी गेलं. तिला ते कळू द्यायचं नाही मला. पहिल्यांदाच गाव सोडून आली. इथल्या माणसांसमोर तिनं मान खाली घालून राहावं, असं वाटत नाही."

"मंग सध्या कुटं हायसा?"

"तळवड्याला, चुलतभावाच्या रूमवर. मधी साडी बांधून दोन बिऱ्हाडं करायलोत."

दौलतरावांनी खांद्यावरची शाल काढून काखेत धरली. आपण फेकलेली थाप हा माणूस दोन महिने बायकोपासून लपवत जपून ठेवतो आहे, हे त्यांना सहन होईना. "थाप माझी व्हती," ते म्हणाले. "तुमी कशापायी वागवता? म्या येतो. म्या सांगतो तिला."

भीमराज विजयश्रीकडे बघायला लागला.

"तुम्हाला पटत असेल तरच, भाऊ," ती म्हणाली. "काकांना बरं वाटावं म्हणून नको."

भीमराजनं मुठीतली किल्ली पुन्हा गाडीला लावली. चुलतभावाच्या बायकोनं गेल्या आठवड्यापासून भांडी आपटायला सुरुवात केली होती, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण शेवटी तेच सांगून तो म्हणाला, "बसा मागं."

तळवड्यापर्यंत दौलतराव मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. गैरसमज झाला म्हणावं का? घरातल्यांचा आग्रह होता म्हणावं का? इतकी वर्षं नाही म्हणायला त्यांना कधी शब्द कमी पडले नव्हते, आणि आता एक साधं वाक्य जुळत नव्हतं. खोली पहिल्या मजल्यावर होती. दारातच पिवळ्या साडीचा पडदा दिसत होता. भीमराजची बायको वर्षाली पोराला कडेवर घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याबरोबर अनोळखी म्हातारा बघून पदर सावरत उभी राहिली.

"हे कुरुळीचे काका," भीमराज म्हणाला आणि बाजूला झाला.

"पोरी," दौलतराव म्हणाले, "त्या येळंला खोली भरली न्हवती. रिकामी व्हती. म्या ह्यांची जात बघितली आन् खोटं बोल्लो."

भीमराज खाली बघत होता. वर्षालीनं मात्र मान वर केली.

"माहीत हाय मला."

"तुला कोण सांगितलं?" भीमराज दचकला.

"तुम्हीच की. मालक चांगला होता, चहा पाजला, म्हणलाव. इथं नळावर सगळ्याच बाया सांगतेत, कुरुळीत चहा पाजून वाटेला लावतेत म्हणून. तुम्ही लपवायलाव म्हणून मीबी लपविलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

भीमराज तिथंच उंबऱ्यावर बसला. दोन महिने एकाच खोलीत, साडीच्या एकाच बाजूला झोपून, दोघं एकमेकांना एकच गोष्ट कळू देत नव्हते. आपण आता निघावं असं दौलतरावांना वाटलं, पण आलो कशासाठी ते राहून गेलं असतं.

"पंधरा नंबरची खोली हाय," ते म्हणाले. "तुमी ऱ्हायला या."

ती हात जोडेल, किंवा दार लावून घेईल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं दोन्ही केलं नाही. पोराला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पाणी किती वाजता येतंय?"

"सकाळी सा वाजता. आन् सांच्याला अर्धा तास."

"मीटर येगळं हाय का सगळ्यांत एक?"

"येगळं हाय."

"करार नोंदवून देणार का?"

"देनार. फेलोबाईच लिवंल."

"उन्हाळ्यात पत्रा तापत असंल?"

"पत्रा न्हाई, सलॅप हाय. पर..." दौलतराव अडखळले. खोटं बोलायला जीभ वळत होती, ती त्यांनी आवरली. "पर मागच्या भिताडाला ओल हाय जराशी."

वर्षालीनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली, म्हणजे तू म्हणशील तसं. "परवा ह्यांची सेकंड शिफ्ट हाय," ती म्हणाली. "सकाळून येऊन बघतो. आवडली तर घेऊ."

"बरं," दौलतराव म्हणाले. आपल्या दारी आलेल्या माणसांना उत्तराची वाट बघताना काय वाटत असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

परतीच्या बसमध्ये ते त्या खोलीचाच विचार करत होते. भिंतीची ओल होतीच, शिवाय दाराची कडी सैल होती, मोरीचा नळ गळत होता. बाई बारकाईनं बघणारी होती, आणि शनिवारला दोनच दिवस राहिले होते.